मिठाचा कर आणि गोखल्यांचे प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परभणीच्या बाजारात एखादा मजूर शेरभर मीठ विकत घेई, तेव्हा त्याच्या नकळत एक आणा हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीत गेलेला असे. मिठावरचा कर मणामागे अडीच रुपये होता आणि सरकारी मण चाळीस शेरांचा. म्हणजे शेरामागे बरोबर एक आणा. परभणी त्या काळी निजामाच्या राज्यात होती हे खरे, परंतु मुंबई किनाऱ्यावरच्या आगरांतले मीठ कर भरल्यावाचून बाहेर पडत नसे. ते पुढे कोणत्याही संस्थानात गेले तरी कर खाणाऱ्याच्याच माथी बसे. निजामी मुलखातल्या जकातीचा भार त्याखेरीज वेगळा. ज्या सरकारने हा कर बसवला त्याच्या दरबारी परभणीच्या मजुराला उभे राहण्याचा अधिकार नव्हता आणि ज्या राज्यात तो राहत होता तेथेही रयतेच्या प्रतिनिधींनी राज्याचा जमाखर्च तपासावा अशी कोणतीही सोय नव्हती.

असे असूनही तो कर उतरला. १९०३ साली अडीच रुपयांचे दोन रुपये झाले, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक. चार वर्षांत शेरामागचा आणा पाच पैंच्याही खाली आला. कोणतेही बंड झाले नव्हते, कोणतेही सरकार पडले नव्हते. ज्या कायदेमंडळात लोकपक्षाला एकही मत जिंकता येणे शक्य नव्हते, त्यात बसून एक सभासद वर्षानुवर्षे तोच प्रश्न नव्या आकड्यांनिशी विचारीत राहिला होता. त्या सभासदाचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. नेमस्तांचे पुढारी, भारत सेवक समाजाचे संस्थापक, गांधीजींनी गुरुस्थानी मानलेले पुरुष, या नात्यांनी गोखल्यांचे स्मरण पुष्कळदा होते. सामान्य गिऱ्हाइकाच्या वतीने सरकारी हिशेब तपासणारा सभासद म्हणून मात्र ते क्वचितच होते.

आठ रुपयांची शिकवण

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात साध्या नोकरीवर होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. ज्या मुलाने एकेका रुपयाची किंमत अशी पाहिली, त्याला पुढे कोट्यवधी रुपयांच्या अंदाजपत्रकातला आणाही क्षुल्लक वाटला नाही, यात नवल नाही.

१८८१ साली मॅट्रिक आणि १८८४ साली अठराव्या वर्षी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर गोखल्यांना सरकारी नोकरीचा किंवा वकिलीचा मार्ग मोकळा होता. त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधील शिक्षकाची जागा पत्करली, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासदत्व घेतले आणि फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र असे पडतील ते विषय शिकवले. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून पुष्कळ वर्षे चालले. ते कॉलेजातून निवृत्त झाले १९०२ साली. म्हणजे वरिष्ठ कायदेमंडळात त्यांचे पहिले भाषण झाले तोवर ते मास्तरच होते. अर्थमंत्र्याच्या आकड्यांकडेही ते मास्तराच्याच नजरेने पाहत. उत्तर बरोबर आले एवढ्याने त्यांचे समाधान होत नसे. रीत कोणती वापरली हेही ते पाहत.

साक्षीदाराच्या खुर्चीत

या नजरेला वळण लावले न्यायमूर्ती रानडे यांनी. १८८७ च्या सुमारास गोखले त्यांच्या सहवासात आले आणि सार्वजनिक सभेचे त्रैमासिक व अर्ज-विनंत्या यांचे काम त्यांच्याकडे आले. सरकारी अहवाल, व्यापाराची कोष्टके, जमीनमहसुलाचे तक्ते वाचायचे, त्यांतील विसंगती हुडकायची आणि सरकारच्याच आकड्यांनी सरकारचे म्हणणे तपासायचे, अशी ही शिस्त होती. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये चोवीस वर्षांचे गोखले बोलले ते मिठाच्या करावर. दोनच वर्षांपूर्वी, १८८८ साली, हा कर दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेण्यात आला होता.

रानड्यांइतकाच मोठा, पण लोकांना फारसा ठाऊक नसलेला आधार होता गणेश व्यंकटेश जोशी यांचा. सोलापूरच्या हायस्कुलाशी ज्यांचे नाव जोडले गेले असे हे सरकारी शाळेतले हेडमास्तर. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना उघडपणे राजकारणात पडता येत नव्हते; परंतु हिंदुस्थानच्या अर्थकारणाची आकडेवारी त्यांच्याइतकी मुखोद्गत असलेला माणूस त्या पिढीत विरळा. गोखल्यांच्या साक्षीची आणि अंदाजपत्रकावरील भाषणांची पूर्वतयारी जोशींच्या टिपणांवर आणि सल्ल्यावर फार मोठ्या प्रमाणात आधारलेली होती. कलकत्त्याच्या सभागृहात जो आवाज उठे त्याच्यामागे जिल्ह्याच्या गावी बसून ब्लू बुके चाळणारा एक शिक्षक होता.

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ साली लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले गेले. डेक्कन सभेतर्फे साक्ष देण्यासाठी गोखले १८९७ साली विलायतेस गेले. वाटेत कॅले येथे पडून त्यांच्या छातीला दुखापत झाली. तशाही स्थितीत एप्रिलमध्ये ते कमिशनपुढे बसले. वयाची एकतीस वर्षे पूर्ण झालेली नव्हती. समोर इंग्लंडातले मुरब्बी अर्थतज्ज्ञ आणि माजी अधिकारी होते, सभासदांत दादाभाई नौरोजीही होते. रेल्वेचा विस्तार कोणाच्या निकडीने होतो आणि तिची तूट कोण भरतो, लष्कराचा खर्च कोणत्या न्यायाने हिंदुस्थानवर पडतो, शिक्षणाच्या वाट्याला किती उरते, या मुद्द्यांवर त्यांची उलटतपासणी झाली आणि ते तिला पुरे पडले.

त्याच वर्षी त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कडू प्रसंगही ओढवला. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या बातम्या मित्रांच्या पत्रांतून त्यांच्याकडे आल्या आणि त्यांनी विलायतेत त्यांचा जाहीर उच्चार केला. परत आल्यावर त्यांना पुरावा पुढे करता येईना आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून त्यांना संकटात लोटणेही त्यांच्या मनाला पटेना. गोखल्यांनी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट आणि संबंधित सैनिक यांची बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरवले. काँग्रेसमध्येही काही काळ त्यांना बाजूस पडावे लागले. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताने लोकांचे हाल झाले नव्हते असे मुळीच नाही. परंतु जे सिद्ध करता येत नाही ते प्रश्नकर्त्याच्या हातात उलटते, हा धडा त्यांना फार महागात मिळाला. पुढील अठरा वर्षांतली त्यांची भाषणे वाचताना जे पहिल्यांदा डोळ्यांत भरते ते हेच, की आरोपाच्या आधी तेथे पुरावा उभा असतो.

शिल्लक कोणाची?

१८९९ साली गोखले मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. १९०१ साली जमीनमहसूल कायद्यातील दुरुस्तीच्या वेळी फिरोजशहा मेहता यांनी जो प्रसिद्ध सभात्याग केला त्यात तेही होते. मेहतांनी प्रकृतीमुळे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातील जागा सोडली, तेव्हा मुंबई इलाख्याच्या बिनसरकारी सभासदांनी ती गोखल्यांना दिली.

हे मंडळ आजच्या अर्थाने लोकसभा नव्हते. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली होती, पण मत देण्याची नाही. प्रश्नाच्या उत्तरावर उपप्रश्नही विचारता येत नसे. अर्थमंत्री वाचतील ते ऐकायचे, मार्चअखेर एक दिवस भाषण करायचे आणि घरी जायचे, एवढाच व्यवहार बहुतेक सभासद करीत. याच चौकटीत २६ मार्च १९०२ रोजी, लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी असताना, गोखल्यांनी आपले पहिले भाषण केले.

सरकारच्या तिजोरीत लागोपाठ काही वर्षे मोठी शिल्लक पडत होती आणि देशाच्या सुबत्तेचे लक्षण म्हणून ती मिरवली जात होती. याच वर्षांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन भीषण दुष्काळ होऊन गेले होते. दुष्काळ पडलेल्या देशाच्या तिजोरीत शिल्लक येते कोठून, हा गोखल्यांचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्यांनी हुंडणावळीच्या दरात दाखवले. विलायतेत दरवर्षी करावयाचा खर्च सुमारे पावणेदोन कोटी पौंडांच्या घरात होता. रुपयाचा भाव घसरून तेरा पेन्सांवर गेला असता त्यासाठी एकतीस-बत्तीस कोटी रुपये लागत. टांकसाळी खुल्या नाण्यासाठी बंद करून सरकारने रुपया सोळा पेन्सांवर नेला, तेव्हा तेच काम पंचवीस-सव्वीस कोटींत भागू लागले. वाचलेले पाच-सहा कोटी म्हणजे ही शिल्लक होती. ती शेतातून आली नव्हती.

यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. मिठाचा वाढीव कर व इतर करवाढ रुपया घसरत होता म्हणून, ती तूट भरून काढण्यासाठी करण्यात आली होती. रुपया सावरल्यावर कारण नाहीसे झाले आणि कर मात्र तसेच राहिले. शिवाय महाग रुपयाचा दुसरा फटका शेतकऱ्याला बसत होता. कारण कापूस-गहू परदेशी जाई तेव्हा पौंडात ठरलेल्या किमतीचे रुपये कमी हाती येत. म्हणजे शेतकरी विकताना कमी मिळवीत होता आणि मीठ घेताना जास्त मोजीत होता, आणि दोहोंतले अंतर सरकारच्या तिजोरीत शिल्लक म्हणून दिसत होते. हे सर्व सरकारच्याच कागदांतून काढलेले असल्यामुळे नाकारता येण्यासारखे नव्हते.

मिठाबाबत गोखल्यांचा युक्तिवाद गिऱ्हाइकाच्या अंगाने होता. कर वाढल्यावर माणशी मिठाचा खप घटतो आणि माणसाच्या व गुरांच्या प्रकृतीला लागणाऱ्या मिठापेक्षा हिंदुस्थानातला खप कितीतरी कमी आहे, असे ते दाखवीत. पाच माणसांच्या घराला वर्षाला पंचवीस-तीस शेर मीठ लागते असे धरले, तर तेवढ्याच आण्यांचा कर होई. दिवसाला दोन-तीन आणे मजुरी मिळवणाऱ्या कुटुंबाची सुमारे दहा दिवसांची मिळकत त्यात जाई. श्रीमंताला आणि मजुराला मीठ सारखेच लागते. म्हणून हा कर ज्याचे उत्पन्न कमी त्याला अधिक जाचक होता. पुढच्याच वर्षी, १९०३ साली, मिठाचा कर आठ आण्यांनी उतरला आणि प्राप्तिकराची मर्यादा पाचशे रुपयांवरून हजार रुपयांवर गेली. कर उतरल्यावर मिठाचा खप वाढला, हेही पुढे दिसून आले.

हे सर्व एकट्या गोखल्यांमुळे घडले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. काँग्रेस वर्षानुवर्षे ही मागणी करीत होती, आणि तिजोरी भरलेली असताना सवलत देणे सरकारलाही सोयीचे होते. परंतु शिल्लक पडली म्हणजे ती लष्कराने किंवा रेल्वेनेच उचलावी, हा क्रम मोडून तिच्यावर करदात्याचा पहिला हक्क आहे ही गोष्ट चर्चेच्या मध्यभागी आली ती या भाषणांनी. अंदाजपत्रक तयार करताना गोखले काय विचारतील याचा विचार अर्थखात्याला करावा लागू लागला. मताधिकार नसलेल्या सभासदाने मिळवलेली ही सत्ता लहान नव्हती.

कापड, साखर आणि गिऱ्हाईक

व्यापारविषयक धोरणाच्या बाबतीत गोखल्यांची भूमिका समजून घेताना पुष्कळदा घोटाळा होतो. विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात होती ती महसुलासाठी. तिच्यामुळे हिंदी गिरण्यांना संरक्षण मिळेल अशी हाकाटी लँकेशायरने केली आणि १८९६ साली हिंदी गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्के कर बसला. हातमागाला तो नव्हता. गोखल्यांनी हा कर रद्द करण्याची मागणी सतत केली. मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडेभरडे कापड विणत, मँचेस्टरहून येई ते बारीक. या दोहोंत खरी स्पर्धाच नव्हती. तेव्हा तथाकथित समतेसाठी लादलेला हा कर अखेर जाडेभरडे नेसणाऱ्या गरिबावर पडत होता. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग परभणीवरून सुरू झाल्यावर या भागातला गावरानी कापूस मुंबईकडे जाऊ लागला आणि त्याच वाटेने गिरणीचे कापड परत येऊ लागले. शेतकरी आपल्याच कापसाच्या कापडावर कर भरू लागला. आगगाडीने बाजार जवळ आणला, पण त्या बाजाराचे नियम कोणी ठरवायचे हा प्रश्न सोडवला नाही.

याचा अर्थ गोखले डोळे झाकून गिरणीमालकांचे कैवारी होते असा नाही. मार्च १९११ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी परदेशी साखरेवरील जकात वाढवण्याचा ठराव आणला, तेव्हा लोकपक्षातल्या अनेकांना गोखल्यांकडून सरळ पाठिंब्याची अपेक्षा होती. गोखल्यांनी संरक्षणाचे दोन प्रकार वेगळे काढले. उगवत्या धंद्याला स्वतःच्या पायांवर उभे राहीपर्यंत आधार देणारे संरक्षण ते योग्य मानीत. बलिष्ठ हितसंबंधांनी एकत्र येऊन सर्वसामान्यांच्या खिशातून आपला नफा वाढवण्यासाठी मिळवलेले संरक्षण अयोग्य. ज्या देशात राज्यकारभारावर लोकांचा ताबा नाही तेथे पहिल्याच्या नावाखाली दुसरे येण्याची भीती अधिक, म्हणून तूर्त खुला व्यापारच कमी धोक्याचा, असा त्यांचा कौल पडला. मालवीयांच्या हेतूविषयी त्यांना शंका नव्हती. शंका होती ती जकातीचे पैसे शेवटी कोणाच्या हाती पडतील याची. स्वदेशीच्या ऐन भरानंतर हे बोलायला धैर्य लागत होते. नवी यंत्रे, धंदेशिक्षण, शेतीत शास्त्राचा उपयोग यांवर सरकारने खर्च करावा अशी त्यांची मागणी होतीच. यंत्राचा लाभ मालकापाशी थांबू नये, तो माल विकत घेणाऱ्यापर्यंत आणि कच्चा माल पिकवणाऱ्यापर्यंत पोचावा, ही तिच्यामागची दृष्टी होती.

अपयशाचा हिशेब

गोखल्यांच्या मार्गावर त्यांच्या हयातीतच कठोर टीका झाली. लोकमान्य टिळकांच्या पक्षाला हे अर्ज-भाषणांचे राजकारण निष्फळ वाटे, आणि त्या टीकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. कापडावरचा कर गोखल्यांच्या डोळ्यांदेखत उठला नाही. तो १९२५ साली स्थगित झाला आणि १९२६ साली रद्द झाला. त्यासाठी महायुद्ध व्हावे लागले आणि देशातील वातावरण पालटावे लागले. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढच्या वर्षी तेराविरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. मिठाचा करही कायमचा उतरला नाही. १९१६ साली तो सव्वा रुपया झाला, १९२३ साली व्हाइसरॉयने खास अधिकारात दुपटीने वाढवून पुन्हा अडीच रुपयांवर नेला आणि वर्षभराने खाली आणला. १९३० साली गांधीजी दांडीला निघाले ते याच करासाठी. गुरूने सभागृहात विचारलेला प्रश्न शिष्याने समुद्रकाठी नेला.

परंतु निष्फळ ठरलेला प्रश्न आणि चुकीचा प्रश्न यांत फरक आहे. गांधीजींच्या चिमूटभर मिठाला जो अर्थ आला त्याच्यामागे चाळीस वर्षांचा हिशेब उभा होता. हा कर कोणावर किती पडतो हे देशाला तोवर समजले होते आणि ते समजावून देणाऱ्यांत गोखल्यांचा वाटा फार मोठा होता.

१९०९ च्या सुधारणांनी सभासदांना ठराव मांडण्याचा व उपप्रश्न विचारण्याचा अधिकार दिला. त्याचा उपयोग करून गोखल्यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये नाताळकडे जाणाऱ्या गिरमिटिया मजुरांची भरती थांबवण्याचा ठराव मांडला व तो सरकारने मान्य केला. आणि १९१२ साली नियतीने एक वर्तुळ पुरे केले. सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या लॉर्ड इझ्लिंग्टन यांच्या रॉयल कमिशनवर गोखल्यांची सभासद म्हणून नेमणूक झाली. पंधरा वर्षांपूर्वी ज्या टेबलाशी ते साक्षीदार म्हणून बसले होते, त्याच्या दुसऱ्या बाजूला आता ते प्रश्न विचारणारे म्हणून बसले. या कमिशनच्या कक्षेत मुलकी नोकऱ्यांबरोबर रेल्वे, तार, बांधकाम, जंगल, शेती अशी शास्त्राची व तंत्राची खातीही होती. तंत्रज्ञान परदेशातून येते तेव्हा त्याचे चालकही कायमचे परदेशातूनच यावेत काय, हा या चौकशीतला एक कळीचा मुद्दा होता. मधुमेहाने शरीर खंगलेले, डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिलेला. तरीही साक्षी, प्रवास आणि कागद यांतून ते बाजूला झाले नाहीत. कमिशनचा अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वीच १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. अंत्यसंस्काराच्या वेळी टिळकांनी त्यांच्याविषयी आदराने भाषण केले.

परभणीने विचारावयाचा प्रश्न

गोखल्यांच्या काळी परभणीला प्रश्न विचारण्याचा हक्क नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो मिळाला आणि १९५२ पासून जिल्ह्याचे प्रतिनिधी विधानसभेत व लोकसभेत बसत आले आहेत. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, २०१९ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक आयोग आहे. बियाणे विकत घेणारा शेतकरी हाही ग्राहकच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले. १९९३ पासून संसदेत खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. तेथे खात्याच्या सचिवांना समोर बसवून सभासदांना हिशेब विचारता येतो. गोखल्यांना स्वप्नातही मिळाली नसती एवढी साधने आज आहेत. मत आहे, उपप्रश्न आहे, समिती आहे, न्यायालय आहे.

तरीही सेलू-मानवतच्या कापूस बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न फारसा बदललेला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये कापसाच्या आयातीवर अकरा टक्के शुल्क बसले. १९ ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षाच्या अखेरपर्यंत ते उठवण्यात आले. म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात परदेशी कापूस विनाशुल्क येऊ शकत होता. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा, ही मागणी अवाजवी नाही. सूत महाग झाले तर कापड महाग होते. पण गोखल्यांच्या पद्धतीने पाहिले तर तीन गोष्टी विचारल्याच पाहिजेत. वाचलेल्या शुल्कातून कापड नेसणाऱ्याला किती मिळाले? कापूस पिकवणाऱ्याचे किती गेले? आणि मधल्या मध्ये कोणाकडे किती राहिले? या तिन्हींची आकड्यांत उत्तरे मिळाल्याशिवाय शुल्क असावे की नसावे यावरची चर्चा म्हणजे नुसता आवाज होय. बियाण्याची पिशवी, खताची गोणी, कीटकनाशकाची बाटली, काट्यावरचे वजन या सर्वांना हीच कसोटी लावता येईल.

असे प्रश्न आयत्या वेळी सुचत नाहीत. प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला म्हणून २०२० च्या सप्टेंबरात देशभर टीका झाली आणि ती योग्यच होती. परंतु तास मिळाल्यावर तो कशाने भरायचा, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. गोखल्यांची बुद्धी असामान्य होती. पण त्या बुद्धीला दाणागोटा पुरवला तो सोलापूरकडच्या एका हेडमास्तराने. आमदार-खासदारांनी अभ्यास करीत नाहीत म्हणून त्यांना दोष देणे सोपे आहे. जिल्ह्याने त्यांच्या हाती काय दिले, हे विचारणे तितकेच आवश्यक आहे. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, कापूस संशोधनाची परंपरा त्याहूनही जुनी आहे, महाविद्यालये आहेत, बाजार समित्यांची दप्तरे आहेत, ग्राहक आयोगापुढचे निकाल आहेत. हंगामातला आवकीचा आणि भावाचा तक्ता, उगवण न झालेल्या बियाण्यांच्या तक्रारी, मजुरीचे आणि किराण्याचे दर हे सर्व एकत्र मांडून प्रत्येक अधिवेशनापूर्वी प्रतिनिधीच्या हाती देणारी दहा-बारा शिक्षक, वकील, शेतकऱ्यांची मंडळी जिल्ह्यात उभी राहिली, तर पक्ष कोणताही असो, सभागृहात बोलणाऱ्याचे वजन बदलेल.

शेरभर मिठामागच्या एका आण्याचा हिशेब एका शिक्षकाने मांडला आणि दुसऱ्या शिक्षकाने तो व्हाइसरॉयपुढे वाचला. त्याचा लाभ निजामी मुलखातल्या, त्या दोघांचीही नावे न ऐकलेल्या गिऱ्हाइकालाही झाला. आज परभणीजवळ स्वतःचा प्रतिनिधी आहे. त्याच्या हाती द्यावयाचा हिशेब मात्र परभणीकरांनाच मांडावा लागेल.